मुकादमाचा रिकामा रकाना

मित्रांनो, मी एका बोक्याची जुनी लसीकरण पुस्तिका आहे. माझे कोपरे दुमडलेत आणि मुखपृष्ठावरचं मांजर पुसट झालंय. छापखान्यातून मी एका पशुवैद्यांच्या टेबलावर आले. तिथे एक बाई टोपलीतून मूठभर पिल्लू घेऊन आल्या. डॉक्टरांनी पिल्लाचं नाव विचारलं.

"मुकादम लिहा," त्या म्हणाल्या. "कामाला हात लावत नाही, नुसती देखरेख करतो."

बाई घरी शिवणकाम करत. मशीनच्या खणात, रिळांच्या शेजारी माझी जागा होती. खुणा केल्याशिवाय त्या कापडाला कात्री लावत नसत. माझ्याशीही त्या तशाच वागल्या. दरवर्षी लस टोचून झाली की डॉक्टर कुपीवरचं लेबल सोलून माझ्या रकान्यात चिकटवत आणि सही करत. घरी येताच बाई खालच्या रकान्यात पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवत. "माणसांच्या पुस्तिकाही इतक्या नीट नसतात," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी मनातून फुलून गेले होते.

सहा वर्षं अशी गेली. मग बाई आजारी पडल्या. त्यांना रुग्णालयात नेलं, त्या परत आल्या नाहीत.

त्यांची लेक या घरात राहायला आली. खण आवरताना तिने मला उघडलं. शेवटच्या तारखेवरून बोट फिरवलं आणि मला आईच्या शालीच्या घडीत, कपाटात ठेवून दिलं. थोड्या दिवसांनी मावशी आली.

"काय गं, मुकादमाचं इंजेक्शन झालं का?"

"झालंय. आईच्या अक्षरात तारीख आहे."

"मग झालंच असणार. ती कुठली विसरतेय."

त्या रकान्यात लेबल नव्हतं, सही नव्हती. मला ते ठाऊक होतं, पण कागदाला हाक मारता येत नाही. आठ महिने मी त्या उबेत घुसमटत पडून राहिले.

एका सकाळी मुकादम मागच्या भिंतीवरून उतरला तो मानेवर चाव्याची जखम घेऊन. भिंतीपलीकडे एक अनोळखी बोका लाळ गाळत, झोकांड्या खात चालला होता, हे लेकीने डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं. लेकीने उघड्या हातांनीच जखम पुसली, मला शालीतून ओढलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी माझं पान दोनदा पाहिलं. "या तारखेला त्याला इथे कोणी आणलं होतं?"

"आईने."

"लेबल नाही. माझ्या नोंदवहीतही नाही."

लेकीने तारखेकडे नीट पाहिलं. त्या दिवशी आई रुग्णालयात होती. तिला तिथे नेऊन चार दिवस झाले होते. इतके महिने तिने अक्षर वाचलं होतं, तारीख वाचलीच नव्हती.

"मी घाबरवत नाही, पण लपवतही नाही," डॉक्टर म्हणाले. "रेबीज झाला तर उपाय नाही. याला आत्ता लस देतो. पंचेचाळीस दिवस घराबाहेर सोडायचं नाही. आणि तू हात साबणाने खूप वेळ धू, आजच तुझ्या डॉक्टरांकडे जा."

ते दिवस, मित्रांनो, अजून विसरता येत नाहीत. लेक त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आली. मी आता जेवणाच्या टेबलावर उघडी असे. लेक त्याचा आवाज ऐके, चाल पाही, वाटीतलं पाणी किती उरलं ते पाही. बाराव्या दिवशी त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. त्याला ठेवलेल्या खोलीच्या जाळीच्या दाराशी ती बसून राहिली. तिचा स्वतःचाही चहा तसाच गार झाला.

मावशीने वाकून पाहिलं. "अगं, रुसलाय तो. खिडकी बंद केलीस ना त्याची. तुझ्या आईसारखाच हट्टी आहे."

संध्याकाळी त्याने वाटी चाटून पुसून ठेवली. लेक तोंडावर पदर धरावा तसा टॉवेल धरून किती तरी वेळ रडली. आई गेल्यापासून तिचं रडणं मी प्रथमच ऐकलं.

पंचेचाळीस दिवस सरले. डॉक्टरांनी मुकादमाला तपासलं, तो ठणठणीत होता. नशीब, एवढंच म्हणेन.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर माझी एखादी बहीणही कुठल्या तरी कपाटात असेल. तिला आज बाहेर काढा. लेबल आहे का, सही आहे का, पुढची लस कधी आहे, ते बघा आणि मोठ्यांनाही दाखवा. आम्हाला नुसतं जपून ठेवू नका. आम्हाला वाचा.