धूरबाबा आणि पापाचा डबा

धूर तपासणी केंद्राबाहेर गाड्या कमी आणि माणसं जास्त, असं दृश्य नळीवाल्या बाईंनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. गाडीच्या धुराड्यात नळी खुपसून यंत्रावरचा आकडा वाचायचा, हे त्यांचं काम. पूर्वी धूर डोळ्यांना दिसायचा, नाकाला झोंबायचा. नापास झालेला गाडीवाला मुकाट गॅरेज गाठायचा. आता तो समोरच्या मांडवात धूरबाबांचे पाय धरत होता.

"इंजिन चालू! रेसवर पाय दाबा, भक्ती वाढवा!" बॉनेटवर हात ठेवून बाबा गर्जत. "ब्रह्म शून्य, माया शून्य, धूर शून्य!"

असा वीस मिनिटं जप, की गाडी तडक पुन्हा नळीवर. आणि काय नवल! सकाळी नापास झालेली गाडी पास!

बरं, बाबा पैशाला शिवत नसत. "गाडीच्या पोटाखाली लोखंडी डबा आहे ना, त्यात तुमचं पाप साठलंय. तेवढं आम्हांला द्या," म्हणत. शिष्य करवत घेऊन तयारच असे. असा निःस्वार्थी माणूस पाहून लोकांचे डोळे भरून येत.

बाई मात्र चक्रावल्या होत्या. यंत्र तर त्या रोज स्वतः पारखून घेत. मग आकडा उतरतो कसा?

त्या दिवशी त्यांच्या धाकट्या दिराची टॅक्सी नापास झाली. उजाडताच रांगेत पहिला नंबर लावून केंद्र उघडेपर्यंत तो तासभर उभा होता. थोड्या वेळानं तोच कागद नाचवत आला.

"वहिनी, बाबांनी तारलं! पास झालो. आता डबा देऊन येतो."

"पहिल्या नंबराचे तुम्ही, भाऊजी. तासभर करत काय होतात?"

"इंजिन बंद करून बसलो होतो. तुमचीच पाटी आहे ना!"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. 'रांगेत इंजिन बंद ठेवा.' धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून त्यांनीच ती रंगवली होती. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोवर दीर मांडवात पोचलाही होता.

त्या धावल्या. टॅक्सी जॅकवर चढलेली, करवत नळकांड्यावर टेकलेली. दिराचं अख्खं घर त्या टॅक्सीवर चालत होतं.

"काढ ती करवत!"

"वहिनी, चारचौघांत शोभा नको."

"डबा गेला तर ही टॅक्सी पुन्हा कधी पास व्हायची नाही, भाऊजी. मग बघा शोभा!"

"बाई नास्तिक दिसतात," बाबा मंद हसले.

"मी नळीवाली आहे." बाई गर्दीतल्या एका डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, तुमची गाडी आत्ताच नापास झाली ना? वीस मिनिटं इंजिन चालू ठेवा, रेस द्या. जप नको, एकोणतीसचा पाढा म्हणा."

गर्दी हसली. डॉक्टर एकोणतीस सत्तेला अडखळले, गाडी अडखळली नाही. नळी लावली. पास!

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "या डब्यात जाळी असते. तिच्यावर सोन्याच्या तोडीच्या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातला विषारी वायू इथं निरुपद्रवी होतो, पण डबा चांगला तापला तरच. त्याच्याआधी ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, तोही तापल्याशिवाय शुद्धीवर येत नाही. माझ्या पाटीनं तुमच्या गाड्या थंड केल्या, बाबांनी नुसत्या तापवल्या. चमत्कार केला तुमच्या डब्यानं, आणि तोच हे कापून नेतात!"

"पाप आम्ही अग्नीत जाळतो!" बाबा ओरडले.

डॉक्टरांनी मागचा पडदा ओढला. पोत्यांत तीसेक डबे, प्रत्येकावर खडूनं वजन. बाबांना एकाएकी समाधी लागली. शिष्याला मात्र पाय फुटले होते.

लोक पोत्यांतून आपापले डबे शोधू लागले. दीर टॅक्सीखालून उठला. नळकांड्यावर करवतीचा एकच ओरखडा होता.

"चुकलो, वहिनी."

"मीही चुकलेच की. आकडा का बदलतो, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. विचारायला काही परवानगी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी पाटी होती : 'गाडी तापवून आणा. डोकं थंड ठेवा.'