सोळा नंबरची कडक उशी

‘राहण्याजोगी देखणी हॉटेलं’ असा मथळा देऊन एका मासिकानं आमच्या हॉटेलचा फोटो छापला, आणि त्या दिवसापासून मालकांच्या लेकीचे पाय जमिनीला लागेनात. फोटोत काय होतं? हिरव्या मखमलीची खुर्ची, पितळी नळांचा टब आणि एकच फूल खोचलेली उंच बरणी. पाहुणा कुठेच नव्हता. खुर्चीत माणूस बसला तर खुर्ची कशी दिसणार, असं तिचं म्हणणं. मी मूग गिळून गप्प बसलो. एकतीस वर्षं काउंटरमागे उभं राहून एवढं तरी शिकलो होतो, आणि महिनाअखेरीला रिटायर होणार होतो.

बावीस खोल्यांचं हॉटेल आमचं. मोठं कधीच नव्हतं, थाट मात्र पहिल्यापासूनचा. जाळीच्या दाराची लिफ्ट, कडक इस्त्रीच्या चादरी, हात फिरवावासा वाटेल असा जिन्याचा लाकडी कठडा. शिवाय आमचा एक नियम होता: पाहुण्याला त्याची आवडनिवड दोनदा विचारायची नाही. पहिल्या मुक्कामात त्यानं काय मागितलं, काय नको म्हटलं, ते मी एका कार्डावर टिपून ठेवायचो. पुढच्या खेपेला तो यायच्या आत खोली तशी लागलेली असायची. पाहुणे थक्क व्हायचे आणि माझी छाती फुगायची. काउंटरखालच्या लांबलचक खणात अशी हजारो कार्डं होती, सगळी माझ्या हातची.

“काका, हे सगळं आता कॉम्प्युटरमध्ये असतं,” मालकांची लेक म्हणाली. फ्रॉक घालायची तेव्हा ती याच खणात पाय सोडून बसायची. आता सगळा कारभार तिच्या हातात. “सोमवारी खण रिकामा करू या.”

“तुझा कॉम्प्युटर पाहुण्याला ओळखतो का?”

“आणि कार्ड ओळखतं वाटतं?”

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, एक पाहुणा माझ्या पद्धतीनं होऊ दे. तो खूश झाला तर खण राहील, माझ्यामागेही राहील. नाही झाला तर मीच माझ्या हातानं रिकामा करून देईन. ती हसली, पण कबूल झाली. तिला गंमत वाटत असेल. मला वाटत नव्हती. तो खण गेला की एकतीस वर्षं मी तिथे होतो याची दुसरी खूण उरणार नव्हती.

शुक्रवारच्या यादीत ओळखीचं नाव दिसलं आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सोळा नंबर! हे नवरा-बायको एकोणीस वर्षं न चुकता यायचे आणि याच खोलीत उतरायचे. गेली चार वर्षं मात्र फिरकले नव्हते. त्यांचं कार्ड पाठपोट भरलेलं. ‘भिंतीकडची बाजू साहेबांची. खिडकी चार बोटं उघडी. साहेबांचा चहा कोरा, बाईंचा दुधाचा. साहेब मोठ्यानं हसतात. शेजारची खोली जमल्यास रिकामी ठेवावी.’ आणि सगळ्यात वर, पहिल्या वर्षीच्या शाईत: ‘साहेबांना कडक उशी.’

“काका, बुकिंग एकाच माणसाचं आहे,” लेकीनं पडद्यावर बोट ठेवलं.

“चुकला असेल तुझा कॉम्प्युटर. ते दोघं एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत.”

मी स्वतः वर गेलो. खोलीत सगळीकडे त्या नव्या, ढेरपोट्या, मऊ उशा. कोठी धुंडाळून जुनी कडक उशी शोधून काढली, तिला अभ्रा चढवला आणि भिंतीच्या बाजूला ठेवली. दोन कप मांडले, सपातांचे दोन जोड. खिडकी चार बोटं मोजून उघडली.

दुपारी बाई आल्या. केस पार पांढरे झाले होते. मी किल्ली पुढे केली आणि म्हणालो, “खोली अगदी तुम्हाला लागते तशी लावून ठेवलीय.” त्या हसल्या आणि लिफ्टनं वर गेल्या. मी दाराकडे बघत राहिलो, साहेब टॅक्सीचं बघत असतील म्हणून. टॅक्सी निघून गेली. दारात कोणीच नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टची वाट न बघता मी जिना चढलो. लेकही माझ्या मागोमाग आली.

दार उघडंच होतं. बाई खुर्चीत बसून पलंगाकडे बघत होत्या.

“तीन वर्षं झाली त्यांना जाऊन,” त्या म्हणाल्या. “त्याआधीचं एक वर्ष आजारपणात गेलं. तुम्हाला कळवायला हवं होतं मी.”

“बाई, माझं चुकलं. आत्ता सगळं काढतो,” मी उशीला हात घातला.

“राहू द्या हो.” आणि त्या चक्क हसायला लागल्या, डोळे पुसत पुसत. “अजून हीच उशी? अहो, त्यांना कधीच आवडली नाही ती.”

“आवडली नाही?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षी प्रवासात मान अवघडली होती, म्हणून तेवढ्या एका रात्रीपुरती मागितली. दुसऱ्या वर्षी आलो तर तुम्ही समोर येऊन म्हणालात, ‘साहेब, तुमची कडक उशी लावलीय बरं का.’ तुमचा चेहरा इतका फुलला होता! हे म्हणाले, एवढं लक्षात ठेवलंय बिचाऱ्यानं, आता कुठल्या तोंडानं नको म्हणू?”

“मग इतकी वर्षं?”

“कोटाची घडी करून डोक्याखाली घ्यायचे. आणि सकाळी उठलं की उशीला दोन गुद्दे हाणायचे, मधोमध खड्डा पडायला. कोणी आवरायला आलं आणि तुमच्या कानावर गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून.”

दर वर्षी निघताना मी त्यांना विचारायचो, “उशी ठीक होती ना?” आणि ते म्हणायचे, “वा, मानेला असा आराम कुठे नाही.” मी ताठ मानेनं काउंटरवर परत जायचो. हजारो पाहुण्यांची काळजी घेतली असं मी समजत होतो. आणि हा माणूस इतकी वर्षं माझी काळजी घेत होता, मला पत्ताही लागू न देता. दारात लेक उभी होती. ‘बघा, मी सांगत होते’ म्हणायची हीच वेळ होती, पण ती खाली बघत राहिली.

मी खिशातून कार्ड काढलं. “उशीचं खोडून टाकतो.”

बाईंनी ते हातातून घेतलं आणि एकेक ओळ सावकाश वाचली. “चार बोटं,” त्या म्हणाल्या. “बोटं लावून मोजायचे. हे मी विसरूनच गेले होते.” त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “हे मला द्याल?”

खणातलं कार्ड कधी कोणाला दिलं नव्हतं. दिलं. खाली येताना लेकीला म्हणालो, “सोमवार कशाला, आजच रिकामा करतो खण. नुसतं टिपून ठेवत आलो मी, माणसाकडे बघायचं राहून गेलं.”

“सावकाश करा, काका,” ती म्हणाली. “मीच मदतीला बसेन.”

तीन दिवस राहून बाई निघाल्या. काउंटरवर किल्ली ठेवली, पर्स बंद केली, पण पाय निघेना.

“पुढच्या वर्षी याच दिवसांत येईन म्हणते. इथे आलं की त्यांच्याबद्दल बोलायला कोणीतरी असतं. तुम्ही असाल ना?”

माझे आठ दिवस उरले होते. निरोपाच्या चहाला कोणाकोणाला बोलवायचं, ते परवाच ठरलं होतं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“असेन की,” मी म्हणालो.

शेजारी लेक होती. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

“असणारच,” ती म्हणाली. “काका कुठे जाणार?”