आरशावरची वाफ

घंटा ओतणाऱ्या कारखान्यातला साचेवाला हिशेबाला पक्का होता, फक्त त्याचा हिशेब पैशाचा नव्हता. घरच्या कपाटाच्या दाराला आतून त्याने पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी. म्हाताऱ्या मिस्त्रींच्या छपराची गळती बुजवली, एक रेघ. त्यांची लाकडं फोडली, एक रेघ. त्यांची नखं कापली, एक रेघ. त्यांची तीच ती गोष्ट नवव्यांदा ऐकून ‘हो का?’ म्हटलं, त्याच्या मात्र दोन रेघा, कारण गोष्ट फार लांब होती. सव्वीस वर्षांत दार भरलं, बाजूची फळीही भरत आली, तरी बेरीज जुळेना. ज्याच्या बदल्यात हे सगळं चाललं होतं ते केवढ्याचं, हे त्याला कुणाला विचारायचीच सोय नव्हती.

ते असं झालं होतं.

घंटेचा मातीचा साचा ओतण्याआधी पुरता वाळावा लागतो. आत विस्तव घालून तो दिवसेंदिवस तापवतात आणि मग वरच्या भोकावर गार आरसा धरतात. आरशावर वाफ धरली तर साचा ओला. लख्ख राहिला तर ओता. इतकं सोपं काम, म्हणून ते बावीस वर्षांच्या साचेवाल्याकडे दिलेलं. त्या दिवशी आरशावर वाफ धरली. पण संध्याकाळी पुलावर एक मुलगी भेटायला येणार होती, आणि साचा ओला म्हटलं की विस्तव राखायचं काम आणखी दोन दिवस त्याच्याच गळ्यात. त्याने बाहीने आरसा पुसला आणि ओरडला, “कोरडा आहे, मिस्त्री!”

वितळलेलं कासं ओल्या साच्यात पडलं आणि खड्ड्यात तोफ उडाल्यासारखं झालं. मिस्त्रींनी साचेवाल्याला मानेला धरून मागे फेकलं. त्या नादात ते स्वतः पुढे राहिले आणि त्यांचे कान गेले. एक पुरता, दुसरा बारा आणे. मालक धावत आले. “आरसा कुणी बघितला?” साचेवाल्याने बाही पाठीमागे लपवली. मिस्त्री म्हणाले, “मी.”

कान गेलेला, वर चुकलेला घंटावाला कोण ठेवणार? मिस्त्री घरी बसले आणि कात्र्यांना धार लावू लागले. तडकलेली घंटा कारखान्याच्या मागच्या आवारात पडून राहिली. ज्या चर्चसाठी ती ओतली होती, त्याने तेवढी वर्षं शाळेतल्या घंटेवर भागवलं.

आता मालकांची मुलगी कारखाना बघत होती. तिने ठरवलं, तीच फुटकी घंटा वितळवायची आणि त्याच चर्चला नवी ओतून द्यायची. काम अर्थातच साचेवाल्याकडे. आता सगळ्यांत जाणता तोच होता.

ओतायच्या दिवशी सकाळपासून आवारात ही गर्दी. चर्चची माणसं धुतलेल्या कपड्यांत आली होती आणि काजळी चुकवत उभी होती. पाळक भाषणाचा कागद घडी घालून तयार होते. मिस्त्रींना खुर्चीसकट उचलून आणून खड्ड्याजवळ बसवलं होतं. साचेवाल्याची बायको पहिल्या रांगेत, नवऱ्याच्या मोठेपणाचा आपला वाटा घ्यायला. भट्टी धडधडत होती.

साचेवाल्याने आरसा धरला. इतक्या वर्षांत तो त्याने दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

वाफ धरली. पुसट, झोपलेल्या मुलाच्या श्वासाएवढी.

“काय हो, ओतायचं ना?” मालकीणबाई म्हणाल्या. “तिकडे लाकूड जळतंय, इकडे माझा जीव.”

त्याचा हात आपसूक बाहीकडे वळला. सवय एकदाच लागली होती, पण चांगली मुरली होती. त्याने मान वर केली. सगळे आरशाकडे बघत होते. मिस्त्री तेवढे त्याच्या बाहीकडे.

“ओला आहे,” तो म्हणाला. “आज ओतायचं नाही.”

गर्दी हिरमुसली. कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा वाफेने काय होतंय.

“काय होतं ते मला ठाऊक आहे,” साचेवाला म्हणाला आणि मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला. पाप कबूल करायचं तर माणूस आवाज खाली आणतो. इथे ती सवलत नव्हती. “मिस्त्री, तेव्हाचा आरसा मी पुसला होता!”

“काय?”

“आरसा! मी! पुसला होता! साचा ओला होता! मला पुलावर एका मुलीला भेटायला जायचं होतं!”

भट्टीवरच्या माणसालाही ऐकू गेलं. मिस्त्री वैतागले. “अरे, ओरडतोस कशाला? तुझी ओली बाही मी तेव्हाच बघितली होती.”

साचेवाला त्यांच्या चार आणे उरलेल्या कानाशी वाकला. “मग ‘मी’ का म्हणालात?”

“तुला हाकललं असतं. हाकललेल्या पोराला पुन्हा साच्याला हात कोण लावू देतं? कुणीतरी ते अंगावर घ्यायला हवं होतं. मी घेतलं. विषय संपला.”

“संपला कसा? सव्वीस वर्षं मी फेडतोय! छप्पर काय, लाकडं काय, तुमची नखंसुद्धा!”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. कान गेले तेव्हाही तो असा उतरला नव्हता. “म्हणजे दर रविवारी तू फेडायला येत होतास? आणि मी समजत होतो, पोराला माझा लळा आहे.” ते काठीवर रेलले. “मी केव्हाच सोडून दिलेलं, ते तू हप्त्याहप्त्याने माझ्याच दारात आणून टाकत होतास होय रे?”

“पण माझं पाप, मिस्त्री...”

“ते धुणारा मी कोण? मी फक्त कान दिले. पाप प्रभूने वधस्तंभावर अंगावर घेतलं, तुझं आणि माझंही. पुरतं फेडलं, दमडीची बाकी ठेवली नाही. तू नखं कापून त्यात काय भर घालणार आहेस? माझीही एक भानगड होती, तुझ्याहून मोठी. ती मला माफ झाली होती, म्हणून तुझी सोडताना हात जड झाला नाही.”

पाळकांनी भाषणाचा कागद हळूच खिशात सरकवला. सांगायचं काही उरलं नव्हतं.

साचेवाला भर गर्दीत, खड्ड्याच्या काठावर, हमसून हमसून रडला. रडता रडता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येतंय.

“काम काढून घ्या माझ्याकडून,” तो मालकीणबाईंना म्हणाला.

“घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण एवढ्या लोकांसमोर जो ओल्याला ओला म्हणतो, त्याला सोडून आरसा देऊ कुणाला? आणि आमच्या बाबांनी भलत्याच माणसाला घरी बसवलं, हे मी रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगणार आहे. थोडी बाकी आमच्याकडेही आहे.”

“ते राहू द्या,” बायको मध्येच म्हणाली. “ती पुलावरची कोण?”

“तूच की.”

“मी? अहो, त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. मी आलेच नव्हते!”

मिस्त्रींना हे तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ते इतके हसले की खुर्ची धरायला दोघे धावले.

साचा ओला होता ते एका अर्थी बरंच झालं. तो उघडून आतल्या बाजूला मऊ माती लावता आली आणि तिच्यात मिस्त्रींचा शिक्का उठवता आला. तो मिस्त्रींनी स्वतः दाबला. चौथ्या दिवशी आरसा लख्ख निघाला. फुटक्या घंटेचं सगळं कासं त्या साच्यात गेलं, एक तुकडाही वाया गेला नाही.

घरी बायकोने कपाटाचं दार ओल्या फडक्याने पुसून काढलं. “चांगलं दार,” ती म्हणाली, “उगाच गिरगटून ठेवलंत.”

रविवारी साचेवाला मिस्त्रींना न्यायला गेला. लाकडं नाहीत, कातर नाही. मिस्त्रींनी त्याचे दोन्ही हात बघितले.

“काही आणलं नाहीस?”

“नाही.”

“मग आत ये. बस जरा.”

चर्चच्या दारापाशी नवी घंटा चौकटीत टांगली होती. मिस्त्रींनी तिच्या तुळईवर तळवा टेकला. साचेवाल्याने दोर ओढला.

आवाज रस्त्यावर गेला, छपरांवरून गेला. सायकलवाले थांबले, खिडक्या उघडल्या. मिस्त्रींचे डोळे विस्फारले. “आली!” ते किंचाळले. “हातातून खांद्यापर्यंत आली! अरे, काय आवाज आहे हिचा!”

टोल्यामागून टोला पडत राहिला. साचेवाला कशाचाच हिशेब ठेवत नव्हता. शेवटी पाळक कानांत बोटं घालून दारात आले. “पुरे! उपासना सुरू करायची आहे!”

“काय म्हणतोय?” मिस्त्रींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “जाऊ दे. ओढ तू!”