तिसरी रिंग

फोन वाजला तेव्हा थोआचे हात तांदळाच्या पाण्यात होते. ते पुसत ती फोनजवळ आली आणि नुसतीच उभी राहिली. रिंग वाजली की श्वास आत घ्यायचा, मग सावकाश सोडायचा, आणि तिसऱ्या रिंगला फोन उचलायचा. ह्यूस्टनच्या विहारातल्या भिक्षुणींनीच तसं शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, "झडप कसली घालता गं? आधी मन तर जाग्यावर येऊ द्या."

नवरा तुआंग यावरून जन्मभर तिची टर उडवत आला. "घराला आग लागली तरी ही बया आधी श्वास मोजेल." पण नखं रंगवायच्या दुकानात दिवसभर परक्यांचे पाय धुऊन, घरी येऊन भांडी आपटणारी बायको या खुळानंच माणसात आली, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिसरी रिंग आलीच नाही. नंबर हॉस्पिटलचा होता. अर्धांगाच्या झटक्यानं तुआंगची वाचा गेल्यापासून तो तिथंच होता. थोआनं घाईघाईनं उलटा फोन लावला.

"अहो, आज ते बोलले," नर्स ग्लोरिया म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला ऐकवावं. आता दमून झोपलेत. संध्याकाळी या."

संध्याकाळ कुठली व्हायला? दुपारीच दुसरा झटका आला आणि सगळं आटोपलं.

त्याचं सामान घ्यायला गेली तेव्हा थोआनं ग्लोरियाला गाठलं.

"काय बोलला हो तो?"

"तुमच्या भाषेत होतं, बाई. मला कुठलं कळायला?"

"मी फोन उचलेना म्हणून चिडला असेल."

"छे हो. फोन कानाला लावून शांत पडले होते. रिंग वाजली की छाती भरून श्वास घ्यायचे, मग हळूहळू सोडायचे. मला वाटलं धाप लागली. मीच घाबरून फोन काढून घेतला नि बंद केला."

थोआ खुर्चीत बसली. जन्मभर टर उडवणारा माणूस पलीकडून तिच्या बरोबरीनं श्वास घेत होता. तिला हुंदका आवरेना.

ग्लोरियाचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का हो?"

थोआनं डोळे पुसले. "नाही हो. त्याला दमाच होता. बरं केलंत."

तुआंगला दमा कधीच नव्हता. त्याच्या सपाता पिशवीत घालून ती उठली.