हँडलचा पलंग कुणाकडे आहे?

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे ओरडणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. हे आधीच सांगून टाकते. आईच्या शोकसभेत मी माईक हिसकावून ओरडले ही गोष्ट खरी आहे, आणि मला त्याचा काडीइतकाही पस्तावा नाही.

लायब्ररीच्या वरचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांत बसले. निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले होते आणि बसायचं नाव घेत नव्हते. "त्या एक आदर्श माता होत्या," असं ते चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी मनात म्हटलं, आदर्श कसली डोंबलाची! मला शाळेच्या फाटकाशी दीड दीड तास ताटकळत ठेवून ही बाई कुणाच्या तरी जिन्यावरून व्हीलचेअर चढवत असायची. आमचं घर म्हणजे आजारपणाच्या सामानाचं गोदाम. दाराआड कुबड्या, खाटेखाली वॉकर, गॅलरीत कमोडच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्याने न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. असं तीस वर्षं. मी पाढे पाठ केले ते व्हीलचेअरवर गोल गोल फिरत.

आणि तरी, गाडीच्या परीक्षेत मी तीनदा नापास झाले तेव्हा तिन्ही वेळा ती मैदानाच्या कडेला डबा घेऊन उभी होती. "परीक्षकच वेंधळा आहे मेला," असं त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली होती. चौथ्या वेळी त्याने मला पास केलं ते बहुतेक तिच्या धाकानेच.

तेवढ्यात हॉलमध्ये, माझ्या पर्समध्ये, आईचा फोन वाजला. तो मी अजून जवळ बाळगत होते. "काकू आहेत का?" एक पुरुषाचा घाबरा आवाज.

"काकू गेल्या. तीन आठवडे झाले. तुम्ही कोण?"

पुलाजवळ पाट्या रंगवणारे पेंटर होते ते. महिनाभर वडिलांपाशी दवाखान्यात, त्यांना काही कळलंच नव्हतं. "अरे देवा," ते म्हणाले, "मग राहू द्या."

"काय राहू द्या? बोला ना पटकन!"

त्यांनी सांगितलं. वडिलांना सहा वाजता घरी सोडणार होते, पण त्यांना सपाट झोपवलं की जीव घुसमटतो. डोक्याकडची बाजू वर होणारा पलंग घरी असेल तरच सोडू, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. दुकानदार म्हणत होता चार दिवस थांबा. आणि म्हातारबुवा हटून बसले होते, आज घरी नेलं नाहीस तर अन्नाला शिवणार नाही. दोन दिवस शिवले नव्हतेच. "त्यांना घेऊन या, पलंग मी आणते," असं म्हणून मी फोन ठेवला.

घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. असा पलंग आईकडे एकच होता, लोखंडी, पायाशी हँडल असलेला. हँडल फिरवलं की माणूस आपोआप उठून बसतो. तो कुणाकडे होता? मी पर्समधून आईची वही काढली आणि कपाळावर हात मारला.

आई वहीत नावं लिहायची नाही. कमोडची खुर्ची मागताना माणूस आधीच मेल्याहून मेला झालेला असतो, वर त्याचं नाव कशाला चिकटवायचं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती लिहायची फक्त तिलाच कळतील अशा खुणा. ती होती तोवर ठीक होतं हो! आता मी काय करू, तिच्या फोटोला विचारू? मी पान शोधलं. "हँडलचा पलंग. दोन कप चहा करते ती. मागायचा नाही."

मागायचा नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. मी सरळ व्यासपीठावर चढले आणि मुख्याध्यापकांच्या हातातला माईक घेतला.

"एका माणसाचा जीव घुसमटतोय," मी म्हटलं, "त्यांना सहाच्या आत पलंग पाहिजे. मी वही वाचते, तुम्ही आपापलं ओळखा!" आणि घाईघाईत, कुठल्याही पानावरून, सुरूच केलं. "वॉकर. जिन्यात शिट्टी वाजवतो तो." मागून एक टकलू गृहस्थ चटकन उभे राहिले, "मी, मी! उद्याच आणून देतो!" लोक हसले. मला चेव आला. "कमोडची खुर्ची. लांबलचक भाषणवाले."

हॉल एकदम गप्प झाला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. आईने तीस वर्षं जपलेलं मी तीस सेकंदांत चव्हाट्यावर आणलं होतं. मला मुख्याध्यापकांकडे बघायची हिंमत होईना.

ते मात्र शांतपणे उभे होते. "ती माझ्या बायकोसाठी होती," ते म्हणाले, "आणि काकूंनी ती स्वतः उचलून आणली होती, वर चादर झाकून, कुणाला दिसू नये म्हणून. वाच पोरी. पुढचं वाच." मग ते बसले. आपणहून.

मी पलंगाचं वाचलं. "दोन कप चहा करते ती." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "दोनच? आमच्यात आठ लागतात," एक बाई म्हणाल्या. जो तो नवरा-बायकोंची घरं आठवू लागला. कुणालाच पत्ता लागेना. मी घड्याळाकडे बघत घसा फोडत होते, "अहो, आठवा ना!"

शेवटच्या रांगेतून लायब्ररीतल्या बाई उठल्या. आयुष्यभर आम्हा सगळ्यांना "हळू बोला" म्हणणाऱ्या. त्या एकट्या राहतात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांचं घर मागच्याच रस्त्याला. मी आणि शिट्टीवाले काका त्यांच्या मागे अक्षरशः पळालो. आतल्या खोलीत पलंग होता, चादर ताणून घातलेली, उशी फुगवलेली. शेजारच्या तिपाईवर चहाचा भरलेला कप, वर साय धरलेली. त्यांचे यजमान याच पलंगावर गेले त्याला आठ महिने झाले होते.

आठ महिने! आणि माझी आई? शेवटचे पाच आठवडे तिलाही सपाट झोपता येत नव्हतं. मी विचारलं होतं, आपला पलंग कुठे गेला? तर म्हणे, "कामात आहे." दिवसातून वीस वेळा मी तिला काखेत हात घालून उठवत होते, माझी कंबर गेली होती, आणि हा पलंग इथे रिकामा उभा होता! मी बोलले. मोठ्याने बोलले. शिट्टीवाले काका भिंतीला चिकटून उभे राहिले.

बाईंनी माझा हात धरला. "मी द्यायला आले होते गं," त्या म्हणाल्या. "तू गाडी शिकवायला गेली होतीस. मी म्हटलं, काकू, पलंग घ्या आता. तर मला म्हणाल्या, 'राहू दे तुझ्याकडे. पलंग आला की ही लांबून हँडल फिरवेल. आत्ता मला मिठीत धरून उठवते. दहावी झाल्यापासून जवळ आली नव्हती कार्टी.'"

मी तिथेच, त्या पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून भोकाड पसरलं. लाज कसली! काकांनी पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाले, "रड, पण गाडी इथे आण आणि नट खोलायचे पाने दे. सव्वापाच झालेत."

पलंग खोलून दोन तुकडे केले. ते माझ्या शिकाऊ पाटीच्या गाडीच्या टपावर बांधले. रोज विद्यार्थ्यांना ज्यासाठी ओरडते ते सगळं मी त्या दिवशी स्वतः केलं. बाई पुढच्या सीटवर, मांडीवर उशी घेऊन. वळणावर त्या पहिल्यांदा ओरडल्या, "अगं, जोरात घे!"

पेंटरांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, शेवटचा नट आवळला आणि खाली अ‍ॅम्ब्युलन्सचं दार आपटलं. म्हातारबुवांना खुर्चीतून वर आणलं, पलंगावर टेकवलं. ते आडवे होताच खोकल्याची उबळ आली. पेंटर धावत पायाशी बसले आणि हँडल शोधू लागले.

"हँडल नंतर!" मी ओरडले, बाजूच्या सीटवरून ओरडते तशी. "आधी हातांनी उठवा. जवळ घ्या त्यांना!"

पेंटर गोंधळले. मग वाकले आणि वडिलांच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. खोकला थांबला तरी म्हाताऱ्यांनी त्यांची मान सोडली नाही.