विहीणबाईंना गाव दाखवायचं

लाओसमधल्या सावन्नाखेतमध्ये पाहण्यासारखं काय आहे, असा प्रश्न विलायला आजवर कोणी विचारला नव्हता. गावातल्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि बाहेरचे लोक मेकाँग नदीवरच्या पुलावरून यायचे, बस बदलायचे आणि पुढे निघून जायचे. पण आज सकाळी बँकॉकहून प्रानोमबाई आल्या, त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझा मुलगा जिथे जन्म काढणार ते गाव मला आधी बघू दे. हो की नाही ते मग सांगते."

मुलगा म्हणजे नारोंग. विलायची एकुलती एक लेक लात्सामी त्याच्याशी लग्न ठरवून बसली होती. मेकाँगच्या या काठावर लग्न झालं की नवरामुलगा कपड्यांची बॅग घेऊन बायकोच्या घरी राहायला येतो. विलायही दुसऱ्या गावाहून, पाक्सेहून, असाच आला होता. पण प्रानोमबाई पडल्या राजधानीच्या. त्या नाही म्हणाल्या, तर मीच बँकॉकला जाईन, हे लात्सामीने पपई किसता किसता बापाला सांगून टाकलं होतं. घरात एकच लेक, आणि तीही नदीपार!

"माझी तीनचाकी घे," सासूबाई, म्हणजे चान्सी आजी, म्हणाल्या. "बाईंना गाव दाखव. आणि जरा भरल्यासारखं दाखव."

"भरल्यासारखं म्हणजे कसं?"

"सगळं मीच सांगू का?" त्या म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. आधी डायनासोरची हाडं, मग चर्च, मग स्तूप, संध्याकाळी नदी. आणि हा निळा शर्ट काढ, पांढरा घाल.

डायनासोर ज्या इमारतीत होते तिथे पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. दारातला माणूस झोपाळ्यात आडवा होता. विलायने खाकरून पाहिलं, हॉर्न वाजवून पाहिला.

"दुपारनंतर या," माणूस डोळे न उघडता म्हणाला.

"अरे, पाहुण्या बँकॉकहून आल्यात!"

"मग त्यांनाही भूक लागली असेल. भात खाऊन घ्या."

"हाडं काय पळून जाणारेत का," प्रानोमबाई म्हणाल्या. त्या रागावल्यात की नाही, हे त्यांच्या काळ्या चष्म्यामुळे कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "बंद होतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तू हळू चालवतोस. बाईंना आधी जेवायला घाल, नूडल्सवालीकडे नको, तिचा रस्सा पातळ असतो." आजींना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या मोठ्याने बोलत, आणि त्यांचा फोन आला की अख्ख्या चौकाला ऐकू येई. सुदैवाने चौकात कोणी नव्हतं.

चर्चसमोरच्या मैदानातही कोणी नव्हतं. एक कुत्रा होता, तोही त्यांना पाहून सावलीत सरकला. दोन्ही बाजूंना फ्रेंचांच्या वेळची घरं पोपडे सोडत उभी होती. एका घरासमोर पपईची कोशिंबीर विकणारी बाई आपल्या उखळावर डोकं टेकून झोपली होती.

"इथली माणसं कुठे गेली?" प्रानोमबाईंनी विचारलं.

"कुठे जातील? आहेत ना. आत आहेत."

"आत काय करतात?"

विलायने घाम पुसला. खरं उत्तर 'झोपतात' असं होतं. "विश्रांती," तो म्हणाला, आणि हे त्याला फार पुढारलेलं वाटलं.

इतक्यात शेजारच्या घरातून आवाज आला, "विलायदादा, या, भात खायला या! पाहुण्यांनाही आणा!" नाही म्हणायची सोय नव्हती. भाताचे चार घास, माशाची आमटी, वर शेजारणीच्या गुडघेदुखीची कथा. बाहेर पडतात तोच पलीकडच्या दारातून हाक. तिथेही चार घास. सावन्नाखेतमध्ये प्रेक्षणीय स्थळं बंद असतात, पण स्वयंपाकघरं कधी बंद नसतात, आणि विलायच्या जिवाचा संताप संताप झाला. दोन्ही घरांत त्याचा फोन वाजला, आणि दोन्ही वेळा प्रानोमबाई घास हातात धरून सासूबाईंचं बोलणं अगदी लक्ष देऊन ऐकत राहिल्या. आता बाई नाही म्हणणार, त्याने मनात धरलं.

गावाबाहेर स्तूपाशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. प्रानोमबाईंच्या अंगात पँट. दारातल्या बाईने भाड्याचा, 'सीन' म्हणतात तो लुंगीसारखा घोळदार कपडा त्यांच्या कमरेला गुंडाळला, तो चार ठिकाणी सुटला. त्यानंतर कळलं की बायकांना आतल्या आवारात प्रवेशच नाही.

"मग मला हे नेसवलं कशाला?" प्रानोमबाईंचा आवाज चढला.

"बाहेरून बघायला," दारातली बाई म्हणाली.

विलाय एकटा आत गेला. हात जोडून गुडघ्यांवर बसला, आणि 'लेक इथेच राहू दे' एवढंच मागायला तोंड उघडलं, तर खिशात चालूच राहिलेल्या फोनमधून सासूबाई ओरडल्या, "फुलं घेतलीस का? पिवळी घे!" आवाराबाहेर प्रानोमबाईंना पहिल्यांदाच हसू आलं. विलायला वाटलं, गावाला हसतायत.

शेवटी नदी. संध्याकाळी सगळं सावन्नाखेत काठावर येतं, ठेंगण्या स्टुलांवर बसतं, भाजलेला मासा आणि चिकट भात खातं आणि पलीकडे पाहतं. पलीकडे थायलंड. तिथे मुकदाहान शहराचे दिवे लागतात, उंच मनोरा चमकतो. गावातलं सर्वात देखणं दृश्य हे असं दुसऱ्याच्या देशात आहे, यात कोणाला गैर वाटत नाही.

प्रानोमबाईंनी काळा चष्मा काढला. "म्हणजे मी थायलंडहून इथे आले, थायलंड बघायला?"

विलायचा बांध फुटला. "हो! हेच आहे! सकाळपासून हेच आहे! आणखी काही नाही इथे, ताई!"

"मग तुम्ही कसे राहिलात?"

"राहिलो? मला ठेवलं! हा शर्ट बघा, सासूबाईंनी काढून दिलाय. केस कुठे कापायचे ते त्या ठरवतात, किती कापायचे ते न्हाव्याला फोन करून सांगतात. मित्र माझ्या ग्लासात बीयर ओतायच्या आधी त्यांची परवानगी घेतात. आलो तेव्हा मी म्हटलं होतं, मासे मारीन. म्हणाल्या, तुला नाही जमणार, पाण्याचे पंप दुरुस्त करायला शिक. शिकलो!"

"चालतं का दुकान?"

"उत्तम चालतं! तेच तर दुखतं ना!"

आजूबाजूच्या स्टुलांवरची माणसं खाणं थांबवून ऐकू लागली. यातल्या निम्म्यांचे पंप विलायनेच दुरुस्त केले होते.

"पळून का नाही गेलात?" प्रानोमबाईंनी विचारलं.

"गेलो होतो की! पहिल्याच वर्षी. नावेत बसलो, पलीकडे उतरलो, बाजारात एक चक्कर मारली. परत वळून पाहतो तर नाव तिथेच. नावाडी म्हणतो, चला, तुमच्या सासूबाईंनी परतीचे पैसे आधीच दिलेत."

प्रानोमबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला मासा वाळूत पडला. विलायला मात्र रडू यायचंच बाकी होतं. स्वतःच्या तोंडाने आपण लेकीचं लग्न बुडवलं, हे त्याला आता कळत होतं.

"दादा, ऐका," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या नारोंगने तीन नोकऱ्या सोडल्यात. दुपारी उठतो. आंघोळ कर म्हणून मला दार ठोकावं लागतं. तुमच्या लात्सामीसमोर शहाण्यासारखा बसतो, ती गोष्ट वेगळी. मी ओरडले की कानात गाणी घालून बसतो. मला तुमची हाडं बघायची नव्हती, चर्चही नव्हतं बघायचं. तुमच्या घरात कोणाचा आवाज चालतो, एवढंच बघायचं होतं. सकाळपासून तो ऐकतेय."

विलायने खिशातला फोन चाचपला.

"माझ्याकडून हो," प्रानोमबाई म्हणाल्या. "बॅग भरून त्याला पुढच्याच आठवड्यात पाठवते."

लेक राहणार होती. विलायच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी त्याला त्या अनोळखी, दुपारपर्यंत झोपणाऱ्या पोराची फार दया आली.

"ताई, एकदा त्याला विचारून तरी बघा," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

विलायने मासेवालीला हाक मारून प्रानोमबाईंसाठी दुसरा मासा मागवला.