शिझुएताईचं हसू

आमच्या गावात हसायला शिकवणारी बाई आली, तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. समुद्रकाठचं गाव, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नाही, तरुण पोरं शहरात निघून गेलेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची दुखणी नगरपालिकेला झेपेनात, तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की यांना हसवा. मग टोकियोहून कुसाकाबेबाई आणल्या; सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. दर मंगळवारी सभागृहात जमायचं, जेवायची काडी दातांत आडवी धरायची, ओठांचे कोपरे तिच्या वर न्यायचे आणि आरशात बघायचं. चेहरा हसला की शरीर फसतं, रक्तदाब उतरतो, वेदना पळते, असं बाई सांगायच्या. शरीराला फसवून बरं करायचं, ही विद्या मला तरी नवीन होती.

माझी थोरली बहीण शिझुए पहिल्या दिवसापासून जायला लागली. आदल्याच वर्षी भावोजी गेले होते. त्यांच्या अंत्यविधीला आलेल्यांना तिने स्वतः चहा दिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. अशा बाईला हसायला शिकवणं सोपं. थोड्याच दिवसांत ती बाईंची लाडकी झाली. लोक म्हणायचे, शिझुएसान किती छान सावरल्या. मला मात्र ते हसू हॉटेलच्या काचेत मांडलेल्या मेणाच्या जेवणासारखं वाटायचं. तसं बोलले, तर म्हणाली, तुझा स्वभावच खवचट. तो आहेच.

नववर्षाच्या मेजवान्या आटोपल्या आणि तिच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. हे तिने मला सांगितलं नाही, कुसाकाबेबाईंना सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेऊन समजावलं, की आठ्या घातल्या की दुखणं शेफारतं, त्याच्याकडे हसून बघा. ताईने हसून बघितलं. दवाखान्यात गेली तीही हसतच. तिथला तरुण डॉक्टर विचारतो, फार दुखतंय का, आणि ही प्रसन्न चेहऱ्याने म्हणते, थोडंसं. त्याने पचनाच्या पुड्या दिल्या. त्याला तरी काय बोल लावायचा?

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे मुळ्याचं लोणचं द्यायला गेले. ती स्वयंपाकघरात ओट्याची कड घट्ट धरून उभी होती. चेहरा राखेसारखा, कपाळ घामाने निथळतंय आणि ओठ कानापर्यंत ताणलेले. काय होतंय विचारलं, तर म्हणाली, काही नाही, उतरतंय आता. एवढं म्हणाली आणि जमिनीवर बसली ती उठेना.

रुग्णवाहिका बोलावली. पित्ताशय सडलं होतं. रातोरात शस्त्रक्रिया झाली. एवढं दुखत असताना या गप्प कशा राहिल्या, असं सर्जननी मला विचारलं. मी म्हटलं, गप्प नव्हत्या, हसत होत्या. त्यांना काही बोध झाला नाही.

ताई जरा उठून बसायला लागली, तशा कुसाकाबेबाई भेटायला आल्या. नुसत्या पेजेवर असलेल्या माणसासाठी सुबक बांधलेली फळांची टोपली घेऊन. इतक्या मोठ्या आजारातून शिझुएसान उठल्या ती हसण्याचीच किमया, असं त्यांचं म्हणणं. वसंतातल्या मेळाव्यात ताईंनी चार शब्द बोलावेत, हीही विनंती होती.

ताई उशीला टेकून ऐकत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"सेन्सेई, मला दुखत होतं," ती म्हणाली.

"हो ना. आणि तरीही तुम्ही किती छान..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, माझा चेहरा बघितलात."

बाईंचे डोळे दाराकडे गेले, हनुवटी थरथरली, पण ओठांचे कोपरे होते तिथेच राहिले. मला कळलं, या बाईला दुसरा चेहराच करता येत नाही. कीव यायला हवी होती. आली नाही. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि टोपली त्यांच्याच हातात दिली.

परत आले, तर ताई रडत होती. टाक्यांवर हात दाबून, भावोजींचं नाव घेऊन, लहान पोरीसारखी मोठ्याने. नर्स धावत आली. दुखतंय का, तिने विचारलं.

"दुखतंय," ताई म्हणाली. "खूप दुखतंय गं."

इंजेक्शन मिळालं. संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. उठल्यावर वाडगाभर पेज संपवली आणि अळणी म्हणून स्वयंपाक्याला नावं ठेवली.

मंगळवारचा वर्ग अजून चालतो, गर्दीही असते. ताई जात नाही. आजारानंतर शिझुएसान तिरसट झाल्या, असं लोक म्हणतात. झाली आहे खरी. शिळा मासा दुकानदाराच्या तोंडावर परत करते, थंडीला शिव्या घालते, भावोजींच्या फोटोपुढे बसून त्यांनाही चार शब्द सुनावते. रात्री झोपते मात्र छान. कुसाकाबेबाई रस्त्यात दिसल्या की लांबूनच हसतात. ताई जरा मान झुकवते. मी तेवढंही करत नाही.